थोरला, धाकटा आणि शुक्रवारबाई

शुक्रवारी दुपारनंतर ताडपत्रीच्या कारखान्याला सुट्टी असे. बाकीच्या बाया त्या सुट्टीत बाजार करत, केस धूत, नवऱ्याशी अर्धवट राहिलेली भांडणं पुरी करत. ही मात्र बोटांना लागलेलं मेण रुमालाला पुसत पुसत चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन बसे आणि केव्हाच मातीत गेलेल्या माणसांची पानं उलटत राही. तिथल्या किल्ल्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने तिला शुक्रवारबाई म्हणायला सुरुवात केली. त्याला स्वतःला सगळं गाव किल्लीकाका म्हणत होतं, तेव्हा नावं ठेवण्याच्या बाबतीत दोघांची फिटंफाट होती.

कारखान्यात पूर्वी जहाजांची शिडं शिवत. आता शिडांना कोण विचारतो? आता होड्यांवर टाकायची आवरणं, दुकानांपुढचे कापडी छज्जे, ट्रकवरच्या ताडपत्र्या असलं काहीबाही तिथे शिवलं जाई. पण जाड कापडातून दाभण आरपार घालायची तर अजूनही तळहातावर चामड्याची पट्टी बांधावी लागे, आणि दोऱ्याला मेण लावावं लागे. मांडीवरून जमिनीपर्यंत पांढरं कापड पसरलेलं असे. हात आपले आपण चालत, डोकं मोकळं राही, आणि मोकळ्या डोक्यात तिचा खापरपणजोबा येऊन बसे.

या खापरपणजोबाची आणि तिची गाठ पडली ती एका कारकुनाच्या धांदरटपणामुळे. तिचा नवरा जहाजाच्या इंजिनखोलीत यंत्रांना तेल घालायचं काम करी. एका फेरीला जहाज गेलं ते गेलंच. बंदर कचेरीत विचारायला गेलं की आधी सांगत, उशीर झाला असेल. मग सांगू लागले, शोध चालू आहे. मग 'बेपत्ता' हा शब्द आला. एकदा ती अशीच खिडकीपाशी उभी राहून "बेपत्ता जहाजांचं काही कळलं का?" म्हणून विचारत होती. नवा कारकून आत गेला आणि बेपत्ता जहाजांचा गठ्ठा म्हणून भलताच, आज्या-पणज्यांच्या काळचा गठ्ठा घेऊन आला. तो चूक उमगून कान पकडेपर्यंत हिची नजर वरच्याच पानावर गेली होती. एका शिडाच्या जहाजावरच्या खलाशांची यादी, आणि तिच्यात तिच्या माहेरच्या खापरपणजोबाचं नाव, आडनावासकट. पुढे कंसात लिहिलं होतं, 'थोरला'. खाली जहाजाबद्दल एकच शेरा होता, बेपत्ता.

तिची आई लहानपणी घराण्याची नावं घडाघडा म्हणून दाखवायची. खापरपणजोबा खलाशी होता असं कोणी कधी बोललं नव्हतं. आणि तो बेपत्ता झाला असेल तर मग पुढची पिढी आली कुठून? हा प्रश्न घेऊन ती पुढच्या शुक्रवारी किल्लीकाकांच्या दारात उभी राहिली.

काकांनी बाप्तिस्म्यांची नोंदवही काढून दिली. जहाज बेपत्ता झालं त्यानंतर त्या घराची काही वर्षं एकही नोंद नव्हती. आणि मग, एका पानाच्या अगदी तळाशी, तीच बायको, तेच नवऱ्याचं नाव, पुढे तोच 'थोरला', आणि एका मुलाचा बाप्तिस्मा. तो मुलगा म्हणजे तिचा पणजोबा. ती पुन्हापुन्हा तेच पान वाचत राहिली. खिडकीतलं ऊन पानावरून सरकत भिंतीवर गेलं तरी ती हलली नाही. म्हणजे माणूस परत आला होता. सगळ्यांनी आशा सोडल्यावर, जहाज बुडालं असं धरून चालल्यावर, एक दिवस दारात येऊन उभा राहिला होता.

घरी आल्या आल्या तिने हे सासूबाईंना सांगितलं, आणि तिथून पुढची कितीतरी वर्षं दोघी बायका त्या माणसावर जगल्या.

सासूबाईंबद्दल सांगायलाच हवं. त्यांना वाचता येत नव्हतं. उतारवयात कोणाकडून तरी त्या फक्त स्वतःचं नाव लिहायला शिकल्या, आणि शिकल्या ते इतक्या हौसेने की घरातली कुठली वस्तू सहीवाचून राहिली नाही. पिठाच्या डब्याच्या झाकणावर त्यांची सही, कॅलेंडरच्या मागे सही, दूधवाल्याच्या चिठ्ठीवर नको असताना सही. कचेरीने शेवटी 'मृत समजावे' असा छापील कागद दिला, त्याच्यावर मात्र पोच म्हणूनही त्यांनी सही केली नाही. "समजावे म्हणजे काय? समजायचं का नाही ते आम्ही बघू," म्हणाल्या, आणि तो कागद चमच्यांच्या खणात सगळ्यात खाली घातला. खुंटीवरचा मुलाचा कोट दर आठवड्याला उन्हात टाकायचा, झटकायचा, पुन्हा खुंटीवर. या घरात कोणी गेलेलं नव्हतं. कोणीतरी यायचं राहिलेलं होतं.

सुरुवातीला सूनबाईंच्या या उद्योगाला त्यांनी नाकं मुरडली. मेलेल्यांच्या चौकशा करून कोणाचं पोट भरलंय, असं म्हणून झालं. पण परत आलेल्या माणसाचं ऐकलं तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी त्या दिवा लावून वाट बघू लागल्या.

"काय गं, आज काय केलं त्याने?"

"आज फारसं काही नाही, आई. मुलीचा बाप्तिस्मा केला. आणि नावापुढे लिहिलंय, दोर वळणारा."

"म्हणजे समुद्राचं काम सोडलं."

"सोडलं असणार. एकदा जिवावर बेतल्यावर कोण जातंय?"

"शहाणा आहे. आपलाही आला की दोरच वळायला बसवते त्याला," सासूबाई म्हणत. आणि तो परत येताना कुठल्या बंदरात अडकला असेल, कोणी जेवू घातलं असेल, दारात उभा राहिला तेव्हा बायकोने ओळखलं असेल का, हे दोघी मिळून ठरवत. नोंदीत यातलं अक्षर नव्हतं. पण नोंदवही म्हणजे नुसती हाडं, मांस चढवायचं काम यांचं. शुक्रवारबाईला तर तो कारखान्यातही दिसे. पांढऱ्या कापडाच्या दुसऱ्या टोकाशी मांडी घालून बसलेला, दाढीत मीठ, हातात दोर, तिच्याकडे न बघता आपलं काम करणारा. कधी कधी त्याचा चेहरा बदलून नवऱ्याचा होई. मग तिचे टाके वाकडे जात आणि मुकादमीण ओरडे.

त्याच कारखान्यात रंगारी येई. होड्यांची नावं रंगवायची, शिवून झालेल्या आवरणांवर अक्षरं काढायची, हे त्याचं काम. सारा जन्म गोदीत गेला, पण गड्याला बोट लागायची. समुद्रात नव्हे, धक्क्याला बांधलेल्या होडीत पाय ठेवला तरी चेहरा हिरवा. म्हणून होडी कोरड्यावर ओढून आणल्याशिवाय तो तिला हात लावत नसे, आणि खलाशी त्याला बघून मुद्दाम डुलत चालत. एकदा त्याने शुक्रवारबाईच्या घराच्या दारावर घराचा आकडा रंगवून दिला होता आणि पैसे घेतले नव्हते. सासूबाईंनी डोळे बारीक करून तो आकडा पाहिला होता. "हाताला वळण आहे," एवढंच म्हणाल्या, पण अक्षराच्या बाबतीत त्या सहसा कोणाला मोजत नसत.

याच रंगाऱ्याने एके दिवशी आवरणावर अक्षरं काढता काढता, मान वर न करता, तिला विचारलं, "माझ्याकडे दोन खोल्या आहेत. खिडकीतून समुद्र दिसत नाही. तुम्ही याल का?"

तिचा हात थांबला. तिला तो आवडत होता, यात लपवण्यासारखं काही नाही. त्याच्या चपलांचा आवाज आला की ती दोऱ्याला उगाच जास्त मेण लावी. पण ती म्हणाली, "आमच्याकडची माणसं परत येतात."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने उरलेलं अक्षर पुरं केलं. पुन्हा विचारलं नाही. लग्नही केलं नाही.

अशी वर्षं गेली. मग गावातला बेकरीवाला वारला.

गावात एकाच नावाचे दोघे होते, एक बेकरीवाला आणि एक सायकली दुरुस्त करणारा. बेकरीवाल्याला थोरला म्हणत, सायकलवाल्याला धाकटा. शुक्रवारबाई त्या बाजूला कधी राहिली नव्हती, त्यामुळे एकाच आजोबांचं नाव ठेवलेले ते चुलतभाऊ असावेत अशी तिची समजूत. बेकरीवाल्याचं दफन झालं त्या आठवड्यात ती नेहमीसारखी गेली, तर किल्लीकाका दाराजवळच्या फळ्यावर खडूने रविवारच्या साफसफाईच्या पाळ्या लिहीत होते. ते नाव लिहून त्यांनी पुढे 'थोरला' लिहिलं.

"काका, चुकलं तुमचं. थोरला तर गेला. हा धाकटा."

"चुकलं नाही बाई. थोरला गेला, म्हणून आता हाच थोरला."

"असं कसं? धाकटा भाऊ तो धाकटाच राहणार ना?"

"भाऊ कसले?" काका खडू झटकत म्हणाले. "दोघांचं काडीचंही नातं नव्हतं. नाव एक, मग ओळखायचं कसं? वयाने मोठा तो थोरला, लहान तो धाकटा. आता मोठा गेल्यावर उरलेला धाकटा कोणापेक्षा धाकटा? माझ्या आधीचे किल्लीवालेही असंच लिहायचे. त्या वह्यांत बघा, हेच सापडेल."

तिने वह्या बघितल्या. जहाज बेपत्ता व्हायच्या आधीच्या पानांवर दोघे होते, एक थोरला, एक धाकटा. तिने धाकट्याला आजवर खापरपणजोबाचा चुलतभाऊ धरलं होतं, आणि नंतरच्या पानांवर तो दिसत नाही म्हणून बिचारा लवकर वारला असं सासूबाईंना सांगूनही टाकलं होतं. सासूबाईंनी त्याच्यासाठी हळहळही व्यक्त केली होती. जहाजाच्या यादीत कंसात 'थोरला' का लिहिलं होतं, तेही आता कळलं. पगार चुकीच्या घरी जाऊ नये म्हणून.

पण बायको? बायको तर तीच होती, आधीही आणि नंतरही. तेवढ्या एका गोष्टीला धरून ती पुढच्या शुक्रवारी होडीने खाडीपलीकडे गेली. खापरपणजीचं माहेर तिथलं. त्या चर्चची वही तिने कधी मागितलीच नव्हती. ज्यांचं लग्न झालेलंच आहे त्यांचं लग्न कोण शोधत बसतो?

तिथल्या तरुण फादरांनी स्वतः वही काढून दिली आणि ते खिडकी उघडून निघून गेले. खोलीत ओल्या कागदाचा आणि मेणबत्त्यांचा वास होता. खालून खाडीचं पाणी भिंतीला लागल्याचा आवाज येत होता, आणि छतावर त्या पाण्याचा उजेड हलत होता. पान सापडलं. वधू, अमक्याची विधवा. वर, त्याच नावाचा, थोरला, पूर्वीचा धाकटा, दोर वळणारा. बाजूला लिहिणाऱ्याने वैतागून शेरा मारला होता, 'वर होडीत बसण्यास तयार नसल्याने पुलावरून वळसा घालून पायी आला. विधी सायंकाळी उरकला.' आणि त्याखाली साक्षीदार.

साक्षीदाराची ओळ तिने वाचली, आणि वही मिटून घेतली.

तिचा परत आलेला माणूस परत आलाच नव्हता. ज्याला तिने इतकी वर्षं एकेका बंदरातून घराकडे आणलं, जेवू घातलं, दारात उभं केलं, तो त्याच पहिल्या पानावर बुडाला होता, आणि तो तिचा कोणी नव्हता. ती ज्याची होती तो पाण्याला भिऊन पुलावरून वळसा घालून आला होता. छतावरच्या हलत्या उजेडाकडे बघत ती तिथेच रडली. नवऱ्याचं जहाज गेल्यापासून ती कधी अशी रडली नव्हती, कारण रडणं म्हणजे कागदावर सही करण्यासारखंच झालं असतं. परतताना ती होडीत बसली नाही. पुलावरून चालत आली, फार वेळ लागला, आणि सबंध वाटभर तिला कोणीतरी बरोबर चालत असल्यासारखं वाटत राहिलं. या वेळी त्याच्या दाढीत मीठ नव्हतं.

सासूबाईंना काय सांगायचं? पायाखालची फळी काढून घेण्यातलाच प्रकार. आणि रंगारी मनात होता म्हणूनच तर आपण हे शोधून काढलं नसेल ना, असंही तिला वाटून गेलं. त्या शुक्रवारी तिने सरळ थाप मारली. म्हणाली, त्याने यंदा पोपट विकत घेतला.

सासूबाईंनी तिला नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "हे तू रचलंस."

"नाही हो, आई."

"दोर वळणारा माणूस पोपट कशाला घेईल? दिवसभर दोर कुरतडून ठेवील तो. खरं काय ते सांग. मेला का तो?"

मग तिने सांगितलं. फळ्यावरचा खडू, एका नावाची दोन माणसं, विधवेचं लग्न, पुलावरचा वळसा. सगळं सांगितलं, एक ओळ सोडून. सासूबाई खुंटीवरच्या कोटाकडे बघत ऐकत होत्या. खाली रस्त्यावर कोणाची तरी सायकल गेली. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो बंद करायला दोघींपैकी कोणी उठलं नाही.

"म्हणजे तिने वाट बघणं सोडलं," सासूबाई म्हणाल्या.

"सोडलं."

"आणि सोडलं म्हणून तुझा पणजोबा झाला. तू झालीस."

"हो."

"आणि तो पहिला? त्याच्यासाठी कोणी रडलं की नाही?" त्या सुनेकडे वळल्या. "त्याला आई असेल ना गं? तिचं काय झालं?"

सोडलेली ओळ नेमकी हीच होती. ही सांगायची म्हणजे म्हाताऱ्या बाईपुढे आपल्याच लग्नासाठी हात पसरण्यासारखं होतं, आणि ते तिला करायचं नव्हतं. पण विचारलं त्यांनीच होतं.

"ती होती," शुक्रवारबाई म्हणाली. "लग्नाला. साक्षीदार म्हणून लिहिलंय, वधूच्या आधीच्या नवऱ्याची आई. लिहिता येत नव्हतं तिला. फुली मारलीय."

सासूबाई रडल्या. त्या बुडालेल्या परक्या माणसासाठी रडल्या, मग त्याच्यासाठी रडता रडता स्वतःच्या मुलाचं नाव घेऊन रडल्या. सून त्यांच्या पायाशी बसून त्यांचे गुडघे धरून राहिली. या घरात एवढा मोठा आवाज कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि झाला तरी भिंती काही पडल्या नाहीत.

मग त्यांनी तोंड धुतलं, जाता जाता नळ घट्ट बंद केला. चमच्यांचा खण ओढला, तळाचा कागद काढला आणि टेबलावर हाताने सपाट करत बसल्या.

"तो रंगारी. त्याला अजून बोट लागते का?"

"बांधलेल्या होडीतसुद्धा लागते."

"बरंच आहे," सासूबाई म्हणाल्या. घडी पडलेला कागद पुन्हा वर येत होता, त्याच्यावर त्यांनी पिठाचा डबा ठेवला. "त्या बाईने फुली मारली म्हणालीस?"

"हो आई, फुली."

सासूबाईंनी पेन कुठे आहे ते बघायला मान वळवली.

"मला सही येते," त्या म्हणाल्या.